हौद्याबाहेरची सलामी

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, मला तशी शपथ घातली होती. पण मी सगळी नावं बदलली आहेत आणि नदीचं नावही लिहिलेलं नाही. त्यामुळे आता ही नुसती गोष्ट आहे.

नदीकाठच्या एका गावात एक विद्यापीठ होतं. तिथल्या पैलवानांचं नाव लांबवर होतं. विद्यापीठांमधल्या कुस्त्यांची चांदीची गदा सात वर्षं त्यांच्याकडेच होती. ती कुलगुरूंच्या दालनात काचेच्या कपाटात असे. पाहुणे आले की कुलगुरू आधी गदा दाखवत, मग ग्रंथालय. पैलवानांना खानावळीत रांग नव्हती. त्यांना दूध वेगळं, बदाम वेगळे. ते वाटेनं आले की इतर मुलं आपोआप कडेला होत.

विद्यापीठाच्या तालमीत त्यांना सिद्राम वस्ताद शिकवत. वस्तादांचा एक नियम फार कडक होता. लाल मातीच्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यात, दोघं समोरासमोर आले की आधी सलामी. दोघांनी हात पुढे करून एकमेकांच्या हाताला लावायचा. समोरच्यानं हात पुढे केला नाही, तर त्याच्या अंगाला बोटही लावायचं नाही.

त्या तालमीशेजारच्या मैदानावर मंजुळा धावायची. ती वीस वर्षांची होती. चार जणींच्या रिलेमध्ये ती शेवटची असायची. बोलायची कमी, पण तिच्या हातातली दांडी कधी खाली पडली नव्हती.

एका संध्याकाळी सराव संपल्यावर ती सामानाच्या खोलीत शर्यतीचे अडथळे ठेवायला गेली. तिच्या मागून दौलत आत आला. दौलत हा त्या वर्षीचा सगळ्यात मोठा पैलवान. अंतिम कुस्ती त्याचीच होती. त्यानं दार लोटून घेतलं. मंजुळा नको म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. त्यानं ऐकलं नाही. त्यानं जबरदस्ती केली.

त्याहून जास्त ताईनं मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंजुळानं वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना सांगितलं. रेक्टरबाई तिला कुलगुरूंकडे घेऊन गेल्या. कुलगुरू वाईट नव्हते. त्यांनी तिला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"अंतिम कुस्तीला बारा दिवस आहेत," ते म्हणाले. "तोवर हे आपल्यातच राहू दे. तुम्हा मुलींच्या सुरक्षेचं मी बघतो."

आणि त्यांनी बघितलं. तिसऱ्या दिवशी मैदानाच्या फाटकावर पाटी लागली. मुलींनी पाचच्या आत वसतिगृहात यावं. मुलींनी सामानाच्या खोलीत जाऊ नये. मुलींनी तालमीच्या बाजूनं धावू नये. प्रत्येक मुलीच्या गळ्यात एक शिट्टी आली. पैलवानांसाठी त्या पाटीवर एक ओळही नव्हती.

मुलींचे वर्ग साडेचारला सुटत. पाचला आत यायचं म्हणजे सराव संपलाच. मंजुळानं तक्रार केल्याचं वसतिगृहात पसरलं होतं. मुली चिडल्या, पण पाटीवर नाही.

"तू बोललीस आणि आम्ही कोंडलो गेलो," रिलेमधली प्रमिला म्हणाली. "झालं समाधान?"

रिलेच्या चौघींत मंजुळाच्या जागी दुसरी आली. वर्गात तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. ती वाटेनं निघाली की मागून कुणीतरी हळूच शिट्टी वाजवी आणि बाकीचे हसत. दिवसभरात तिच्या तोंडून एकच शब्द निघे. हजेरीच्या वेळी, "हजर."

ती सकाळी एकटीच धावू लागली. पाटी लागल्याच्या पाचव्या दिवशी ती मुद्दाम तालमीच्या बाजूनं धावली. तालमीचं दार उघडं होतं. आत नवे पैलवान जोर संपवून कुस्तीला उभे राहत होते. एकानं घाईघाईत जोडीदाराच्या मानेला हात घातला. वस्तादांनी त्याला दंडाला धरून बाजूला केलं.

"सलामी झाली व्हती का रं?"

"न्हाई, वस्ताद."

"त्यानं हात पुढं केला व्हता?"

"न्हाई."

"मग तू अंगाला हात लावलासच कसा?"

"चुकलं, वस्ताद."

"चुकलं म्हणून भागत न्हाई. आज हौद्याभाईर बस."

मंजुळा दारात थांबली होती. ती म्हणाली, "वस्ताद, हा नियम हौद्याच्या बाहेर नाही का?"

"म्हंजे?"

तिनं चार वाक्यांत सांगितलं. सांगताना ती कुणाकडेच बघत नव्हती. कोपऱ्यात दौलत अंगाला माती लावत होता. तो म्हणाला, "वस्ताद, आठवड्यावर कुस्ती आलीया. हिचं काय ऐकत बसताय?"

वस्तादांनी दौलतकडे पाहिलं. ती खोटं बोलते, असं दौलत म्हणाला नव्हता. वस्तादांच्या ते ध्यानात आलं.

दौलतला त्यांनी लहानाचा मोठा केला होता. आठवी गदा घेऊन त्यांना तालमीतून निवृत्त व्हायचं होतं. ते हौद्याच्या काठावर थोडा वेळ बसले. मग उठले आणि मातीच्या पायांनी तसेच कुलगुरूंच्या दालनात गेले.

"दौलत कुस्तीला जाणार न्हाई," ते म्हणाले. "आधी चौकशी."

"गदा जाईल, वस्ताद."

"जाऊ दे."

"सात वर्षांचं नाव आहे आपलं."

"साहेब, तीस वर्षं मी पोरांना धरायला शिकवलं. कवा धरायचं न्हाई, ते फक्त हौद्यात शिकवलं. भाईरचं त्यांना आपोआप कळंल असं मला वाटलं. ही माझी चूक. आणि तुम्ही शिट्टी बांधलीसा पोरींच्या गळ्यात. पर हात कुणाचा व्हता?"

कुलगुरूंनी रेक्टरबाईंना बोलावून चौकशी नेमायला सांगितलं.

तालमीशी काही संबंध नसलेल्या तिघांनी चौकशी केली. त्यांत दोन बायका होत्या. त्यांनी मंजुळाला बसायला खुर्ची दिली आणि दौलतलाही पूर्ण बोलू दिलं. आणखी एक मुलगी पुढे आली. दौलतबद्दल ती दोन वर्षं गप्प होती. दौलतचं नाव विद्यापीठातून कमी झालं आणि तक्रार पोलिसांकडे गेली. फाटकावरची पाटी निघाली.

त्या वर्षापासून वस्ताद नव्या पोरांना मातीत पाय ठेवण्याआधी समोर बसवू लागले. नको म्हणजे नको. समोरची गप्प राहिली म्हणजे तिनं होकार दिला असं नव्हे. आपला जोडीदार चुकत असेल तर त्याला अडवणं हे आपलं काम. ज्याला हे पटत नसे, त्याला हौदा मिळत नसे.

गदा दुसऱ्या गावाला गेली. पुष्कळांनी त्याचाही दोष मंजुळाला दिला. रिलेमध्ये तिला परत घेतलं, पण धावून झाल्यावर चौघींतल्या तिघी एकत्र निघत.

एके दुपारी ती खानावळीत शेवटच्या बाकावर एकटी जेवत होती. कान मोडलेला एक थोराड पैलवान ताट घेऊन तिच्यासमोर आला. दुसरीकडे कुठं जागा नव्हती.

"इथं बसू का?" त्यानं विचारलं, आणि तो उभाच राहिला.

मंजुळानं वर पाहिलं. तो तसाच थांबला. भात निवत होता.

"नको," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. कुणी हसलं नाही.

मंजुळा थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग कितीतरी दिवसांनी तिनं पानातला सगळा भात संपवला.

तात्पर्य: ज्याच्या हातात बळ आहे त्याला थांबायला आधी शिकवावं, जिला त्रास झाला तिलाच कोंडून कुणीही सुरक्षित होत नाही. आणि जी खरं सांगते तिला एकटं पडू देऊ नये, कुणी यायची वाट न बघता आपणच तिच्याजवळ जाऊन तिला... आले गं ताई, आले! ताई हाक मारतेय, मी जाते तिच्याजवळ.