होसेफिनाबाईंचा काळा मोले

मेक्सिकोतल्या वाहाका शहराच्या मंडईत होसेफिनाबाईंची छोटी खाणावळ होती. मिरच्या आणि कोको वाटून केलेला काळा रस्सा, म्हणजे मोले, एवढंच त्या रांधत. एकदा चार प्रवासी तिथे टेकणार, तोच मोठ्या हॉटेलचे मालक त्यांना न्यायला आले.

"इथे काय जेवताय? माझ्याकडे पुएब्लाचा मोले, युकातानचं डुकराचं मटण, सोनोराचं निखाऱ्यावरचं मांस, सगळं मिळतं. या बाईंना एकच पदार्थ येतो."

प्रवासी घुटमळले. बाईंना बोलणं झोंबलं, पण त्या शांतपणे म्हणाल्या, "खरं आहे, मालक. चवीतलं तुमच्या आचाऱ्याला जास्त कळतं. त्यालाच विचारा. रोज दुपारी तो इथेच जेवतो, आत्ताही आत बसलाय."

आचारी खाली मान घालून जेवतच राहिला. प्रवाशांनी खुर्च्या ओढल्या. जरा वेळाने मालकांनीही ओढली, आणि बाईंनी समाधानाने पाचवं ताट वाढलं.