केरोबाचं लिंबू

फार फार वर्षांपूर्वी, जिथे घरटी एक लिंबाचं झाड असायचं अशा एका गावात केरोबा नावाचा म्हातारा राहत होता. त्याची तर लिंबांची बागच होती. माणूस गोड बोलायचा. लोक सकाळी त्याच्या ओट्यावर जमायचे, आपापली अडचण सांगायचे, आणि केरोबाचं उत्तर ठरलेलं असायचं.

"लिंबू लाव."

तांब्या काळा पडला, लिंबू लाव. विळ्याला गंज चढला, लिंबू लाव. हाताचा मासळीचा वास जाईना, लिंबू चोळ. या गोष्टींना गुण यायचा. तांब्या लखलखायचा, आणि त्याची मालकीण तो डोक्यावर घेऊन मुद्दाम केरोबाच्या दारावरून जायची. केरोबाचं नाव मोठं होत गेलं. मग तो मुंग्यांवर, ढेकणांवर, लुगड्यावरच्या डागांवर, केस गळण्यावर, गुरांच्या जखमांवर, सगळ्यावर लिंबूच सांगू लागला. वर स्वतःच्या बागेतली लिंबं फुकट द्यायचा. अशा माणसाला नावं कोण ठेवणार?

त्याच गावात मथुरा नावाची बाई होती. तिचा नवरा मेंढरं घेऊन दूरच्या माळावर गेलेला. घरी ती आणि तिची लहान मुलगी मैना. त्या साली गावात डोळ्यांची साथ आली. मैनेचे डोळे लाल झाले, सुजले, सकाळी चिकटून उघडेनात. उजवा डोळा जास्तच दुखत होता. मथुरा केरोबाकडे गेली.

"ज्या डोळ्याला जास्त त्रास, त्यात लिंबाचे दोन थेंब घाल," केरोबा म्हणाला. "रोज घाल. डोळा आरशासारखा होईल."

"झोंबणार नाही ना, काका?"

"झोंबणारच. झोंबलं म्हणजे गुण येतोय समज."

मथुरेने थेंब घातले. मैना किंचाळली. आईचा हात धरून म्हणाली, "नको आई, जळतंय." मथुरेने तिचे दोन्ही हात आपल्या गुडघ्याखाली दाबून धरले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब घातले. तिसऱ्या दिवशीही घातले. झोंबतंय म्हणजे गुण येतोय, असं ती स्वतःला बजावत राहिली.

डावा डोळा आपोआप निवळला. उजव्यात फूल पडलं, बुबुळावर पांढरा डाग येऊन त्याने दिसेनासं झालं.

मैनेला कडेवर घेऊन मथुरा घाट उतरून पलीकडच्या गावच्या वैद्यांकडे गेली. वैद्यांनी डोळा पाहिला आणि विचारलं, "यात काय घातलं होतं?" मथुरेने सांगितलं. वैद्यांनी ओल्या फडक्याने डोळा हलकेच पुसला. मग म्हणाले, "बाई, काही घातलं नसतं, स्वच्छ पाण्याने नुसते धुतले असते, तर दोन्ही डोळे वाचले असते."

मथुरा गावात परतली ती पेटूनच. पाणवठ्यावरच्या बायका तिची समजूत घालू लागल्या.

"नशीब म्हणायचं, मथुरे."

"केरोबाकाकांनी चांगल्या मनानेच सांगितलं ना."

"लिंबामुळेच झालं असेल कशावरून?"

मथुरेने घागर खाली ठेवली. "ठीक आहे. कशामुळे काय होतं ते बघूच. उद्या सकाळी केरोबाच्या ओट्यावर या. त्याने जे जे सांगितलं ते सगळं तिथे करून बघू. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

लोक आले. काही कुतूहलाने आले, काही भीतीने. केरोबाने टोपलीभर लिंबं पुढे केली. त्याला वाटलं, बाईचा राग असाच निवेल.

मथुरेने आधी काळा तांब्या घेतला. लिंबू चोळलं, राखेने घासला, धुतला. तांब्या झळकला. "हे खरं," ती म्हणाली. केरोबा हसला. लोकही हसले. मथुरा हसली नाही.

मग तिने गुळाच्या खड्याकडे चाललेल्या मुंग्यांच्या रांगेवर लिंबू पिळलं. मुंग्या बाजूला झाल्या, आणि थोड्या वेळाने वळसा घालून पुन्हा गुळापाशी आल्या. "हे अर्धं खरं." मग तिने स्वतःच्या पदराचं टोक लिंबात भिजवून उन्हात धरलं. रंग उडून टोकाला पांढुरका डाग पडला. तेवढ्यात गर्दीत मागे उभी असलेली एक बाई हळूच म्हणाली, "माझ्या लग्नातल्या लुगड्याचं असंच झालं होतं."

मथुरा गर्रकन वळली. "मग कधी बोलली नाहीस ते?"

"लाज वाटली. बाकीच्यांना गुण येतो, आपलंच काही चुकलं असेल असं वाटलं."

मथुरेने एक लिंबू कापलं. अर्धी फोड घेऊन ती केरोबासमोर उभी राहिली.

"आता शेवटचं राहिलं. काका, डोळा उघडा."

केरोबा मागे सरकला. "असं काय करतेस?"

"तुम्हीच सांगितलं होतं. डोळा आरशासारखा होईल म्हणालात. उघडा."

"अगं, झोंबेल मला."

"झोंबलं म्हणजे गुण येतोय."

केरोबाने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. मथुरेच्या मुठीतून रस खाली गळत होता.

"निदान एवढं सांगा," ती म्हणाली. "माझ्या लेकराला सांगण्याआधी तुम्ही हे कधी करून पाहिलं होतं?"

"नाही," केरोबा हातांआडून म्हणाला. "बाजारात एकाने सांगितलेलं ऐकलं होतं."

मथुरेने ती फोड जमिनीवर आपटली. "मी तुमच्या डोळ्यात पिळणार नाही. काय होतं ते मी पाहिलंय. तिचे हात मीच दाबून धरले होते."

तेव्हा तिची शेजारीण सगुणा उठून उभी राहिली. "मथुरे, मागच्या वर्षी माझ्या कालवडीचे डोळे आले होते. काकांनी हेच सांगितलं होतं. आंधळी झाली कालवड. मी ती भावाकडे धाडून दिली."

मथुरा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्या दोघींच्या घरांत एकच भिंत होती.

"मैना किंचाळत होती ते तुला ऐकू येत होतं ना?"

"येत होतं."

"मग का नाही सांगितलंस?"

"काका भला माणूस. त्यांना वाईट वाटलं असतं," सगुणा म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली.

"त्यांना वाईट वाटू नये म्हणून माझ्या मुलीचा डोळा गेला," मथुरा म्हणाली. "काका काय, ते ऐकलेलं बोलले. तुला तर ठाऊक होतं."

मग एकेक जण बोलू लागला. कुणाच्या बैलाची जखम चिघळली होती, कुणाच्या टाळूवर फोड आले होते. तांब्या झळकला तो सगळ्या गावाने पाहिला होता. बिघडलेलं मात्र ज्याने त्याने घरातच झाकून ठेवलं होतं. केरोबा मान खाली घालून सगळं ऐकत होता. त्या दिवसापासून कुणी काही विचारलं, की जे स्वतः करून पाहिलं असेल तेवढंच तो सांगायचा. बाकीच्याला "मला ठाऊक नाही" म्हणायचा. सुरुवातीला हे शब्द त्याला फार जड जात.

काही वर्षांनी डोळ्यांची साथ पुन्हा आली. एक फिरस्ता कांद्याचा रस घाला म्हणून सांगत गावात शिरला. पहिल्याच दारात सगुणाने त्याला अडवलं. "तुम्ही स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिलात का? आणि या रसाने ज्याचा डोळा बिघडला त्याचं नाव काय?" फिरस्ता आल्या पावली परत गेला. गावाने मुलांचे डोळे उकळून गार केलेल्या पाण्याने धुतले, ज्यांना जास्त त्रास झाला त्यांना वैद्यांकडे नेलं. सगळी मुलं बरी झाली.

हे सांगायला सगुणा मथुरेच्या अंगणात आली. मैना आता मोठी झाली होती, मान जरा उजवीकडे वळवून धान्य पाखडत होती.

"एकाही मुलाचा डोळा गेला नाही, मथुरे. आता तरी राग सोड."

"मुलं वाचली, बरं झालं," मथुरा म्हणाली. "राग सोडायचं मला सांगू नकोस. तो गेला तर तुम्ही सगळ्या पुन्हा गप्प बसाल."

सगुणा खाली बसली आणि मैनेच्या सुपातले खडे वेचू लागली.

तात्पर्य : न अजमावलेला उपाय सांगणारा चुकतोच, पण त्या उपायाने आपलं बिघडलं हे ठाऊक असून जो भिडेपोटी गप्प बसतो, तो पुढच्याचं नुकसान आपल्या हाताने करतो.