मक्त्याची सावली

तुळाजीचा पाय मोडल्याची बातमी आली तेव्हा त्याची धाकटी बहीण हौसा अंगणात बसून सुपाने तांदूळ पाखडत होती. राजाचा घोडा मागे सरला आणि मागे राजावर सावलीसाठी अब्दागिरी धरून उभ्या असलेल्या तुळाजीच्या पायावर त्याची टाच बसली. चौघांनी त्याला घोंगडीत घालून घरी आणलं.

"राजवाड्यात हाडवैद्य बसलेत ना? त्यांना का नाही दाखवलं?" हौसाने विचारलं.

"वैद्य नोकरांसाठी आहेत म्हणाले," तुळाजी कण्हत म्हणाला. "आणि मी नोकर नाही."

ही कारभारी विसोपंतांची युक्ती. भवानराव महाराजांना दोन अब्दागीर लागत. थोरला दरबारात राजाच्या डोक्यावर छत्र धरी, म्हणजे जिथे ऊन नव्हतं तिथे. उन्हातलं काम त्याच्या हाताखालच्याचं. ती जागा भरताना विसोपंत म्हणाले होते, "नोकर कशाला? नोकराला जेवण, दसऱ्याला कपडे, दुखलंखुपलं तर औषध! त्याला ठरल्या पैशांत कामाचा मक्ता द्यावा. अब्दागिरीही त्याने स्वतःचीच आणावी." तुळाजीने घरची गाय विकून अब्दागिरी करून घेतली आणि पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत तो राजाच्या मागे फिरू लागला. शिंकायचं म्हटलं तरी परवानगी!

हौसा तडक दरबारात गेली.

"महाराज, पाय आजउद्यात बसवला नाही तर हाड वाकडं जुळेल. भाऊ जन्माचा लंगडा होईल. वैद्यांना धाडा."

विसोपंत हसले. "अगं पोरी, तुझा भाऊ स्वतंत्र माणूस! स्वतंत्र माणसाची हाडंही स्वतंत्र. त्यांचं सरकारला काय?"

"दिवसभर तो सरकारच्याच मागे उभा होता की!"

"उभा होता तो मक्तेदार म्हणून," भवानराव म्हणाले. महाराजांना स्वतःचं असं मत क्वचितच असे. पण कारभाऱ्याचं मत एकदा उचललं की मग ते खाली ठेवत नसत. "तो माझा नोकर आहे हे माझ्या तोंडून वदव. त्याच क्षणी वैद्य पाठवतो. आहे हिंमत? आणि ऐक, उद्या शेजारचे महाराज पहिल्यांदाच भेटीला येताहेत. वेशीपाशी अब्दागिरी हजर पाहिजे, नाहीतर मक्ता मोडल्याचा दंड!"

"मीच येते. मक्तेदाराला बदली माणूस चालतो ना?"

"चालतो."

"अब्दागिरी आमचीच?"

"तुमचीच, तुमचीच!" विसोपंत म्हणाले.

"आणि दुसरी गिऱ्हाइकं?"

"ठेव की चार! तुला कोण विचारणार आहे?" दरबार खो खो हसला. हौसाने मुजरा केला आणि ती निघाली.

दुसऱ्या दिवशी वेशीवर सारा लवाजमा उभा राहिला. ऊन रणरणत होतं. भवानराव घोड्यावरून उतरले, मान ताठ केली, आणि त्यांना वाटलं, डोक्यावर ऊन जरा जास्तच लागतंय. वळून पाहतात तो अब्दागिरी दहा हातांवर! तिच्या सावलीत भाजीवाली सोनकाआजी कोथिंबिरीची पाटी घेऊन ऐसपैस बसलेली.

"ए पोरी! इकडे ये!" महाराज दातओठ खात पुटपुटले.

"आले असते सरकार! पण हे आधीचं गिऱ्हाईक. कोथिंबीर सुकतेय तिची."

"आणि मी?"

"तुमचा नंबर हिच्यानंतर."

तेवढ्यात पाहुणे आले. त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक, की अब्दागिरीखाली असेल तो राजा. म्हाताऱ्या भालदाराची तर सारी हयात अब्दागिरीकडे बघून ओरडण्यात गेली होती. त्याने तिकडे तोंड करून ललकारी दिली. पाहुण्या महाराजांनी घामाने थबथबलेल्या भवानरावांना हाताने बाजूला सारलं, चार पावलं पुढे गेले आणि सोनकाआजीला लवून मुजरा केला.

"राज्य आईसाहेब चालवतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही!"

"असू दे बाबा," सोनकाआजी म्हणाली. "जुडी घे. ताजी आहे."

भवानरावांचा चेहरा लालबुंद झाला. "ती अब्दागिरी माझी आहे!"

"नाही सरकार. आमच्या गाईची आहे. विसोपंतांना विचारा."

"तर मग मक्ता माझा आहे!"

"मक्ता तुमचा, पण मी माझी. नोकर असते तर हुकुमासरशी धावले असते."

विसोपंतांच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. ते खोकू लागले, हात हलवू लागले, महाराजांची बाही ओढू लागले.

"सोडा हो, विसोपंत!" भवानराव गरजले. "कसला मक्ता न् कसलं काय! तू आणि तुझा भाऊ माझे नोकर आहात! हुकुमाचे नोकर! मी सांगेन तिथे उभं राहायचं!"



हौसाने अब्दागिरी उचलली आणि झटकन महाराजांच्या डोक्यावर धरली. "जी सरकार! ही बघा, धावत आले. आता वैद्यांना पालखी द्यायची की घोडा?"

आधी पाहुणे महाराज हसले, अगदी पोट धरून. पाहुणे हसल्यावर यजमानाला हसावंच लागतं. म्हणून मग भवानरावही हसले आणि हसता हसता त्यांना खरंच हसू आलं. "घोडा द्या!" ते म्हणाले. "पोरीने बरोब्बर पकडलं आम्हाला!"

हाडवैद्य घोड्यावरून गेले आणि सूर्य मावळायच्या आत पाय बसवून आले. तुळाजीचं नाव पहिल्या दिवसापासून चाकरीत लागलं, गाईच्या बदल्यात गाय मिळाली, हौसाला लुगडं मिळालं. कोथिंबीर संपेपर्यंत सोनकाआजीवर छत्री धरायचा हुकूम विसोपंतांना झाला. ऊन कलेपर्यंत त्यांनी तो पाळला.

महाराज ती गोष्ट पुढे कितीतरी मेजवान्यांत रंगवून सांगत आणि दर वेळी तितकंच हसत. तुळाजीचा पाय कसा आहे, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. ते राहूनच गेलं.