काचेपुढचे मासे

समुद्रात पाण्याखालच्या एका पोवळ्यांच्या बेटावर शेवाळ रोज चढे आणि पोपटमासे ते रोज खरवडून काढत. चोची झिजत, पण पोवळी जिवंत राहत, आणि त्यांच्या फटींत पिल्लं सुखरूप वाढत.

मग बेटाशेजारी पाण्याखाली काचेचं घर आलं. माणसं जिना उतरून आत येत, काचेला नाक लावून बघत. मासे जवळ यावेत म्हणून राखणदार नळीतून बाहेर चारा सोडी.

सर्वांत आधी पाचू गेला. पोट भरून परतला तेव्हा म्हणाला, तिथे चोच झिजवावी लागत नाही. वळून अंग चमकवलं की झालं. दुसऱ्या दिवशी तिघं गेले, महिन्याभरात सगळे. उरली एकटी दातेरी. म्हातारी होती, पण चोच अजून धड होती.

एकटीच्या खरवडण्याने काय होणार? शेवाळाने फटी बुजू लागल्या. शेवटी ती काचेपाशी गेली.

"पाचू, तुझीच पिल्लं आहेत बेटावर. त्यांना लपायला जागा उरली नाही."

"मावशी, आत्ता गर्दीची वेळ आहे," पाचू काचेवरची नजर न हलवता म्हणाला. "नंतर बोलू."

चारच दिवसांनी सकाळी बेटावर गोबरा आला. थोराड मासा, तोंड हे एवढं. पिल्लं फटींकडे धावली आणि शेवाळावर आपटून मागे आली. दातेरीने खरवडून ठेवलेल्या एकाच फटीत दोघं मावली. तिने फट अंगाने झाकली आणि गोबऱ्याला चोच मारली. चोच मोडली, पण तो वळला.

दुपारी तिने काचेपाशी जाऊन सगळं सांगितलं. वाचलेल्यांत पाचूचं एकही नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं की काचेवरही शेवाळ धरलंय, माणसांना आपण अंधूक दिसत असू. झाडून सगळे काच खरवडायला लागले. पाचूही लागला. दातेरी बेटाकडे परत फिरली.

संध्याकाळपर्यंत काच लख्ख झाली. आत दाटीने माणसं उभी होती. पाचू वळला, अंग चमकवलं. कुणी पाहिलं नाही. सगळ्यांच्या नजरा त्याच्या मागे, काळवंडलेल्या बेटावरच्या हातभर लाल तुकड्यावर खिळल्या होत्या. तिथे मोडक्या चोचीची एक मासोळी हळूहळू खरवडत होती.

पाचूने सगळे पर फुलवले आणि तो बरोबर काचेच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभा राहिला.