खाली दाबणारी शेपटी

टेकडीवर घरं उभी राहण्याआधीची गोष्ट. विश्राम नावाच्या माणसाने हलक्या लाकडाचं एक छोटं विमान बनवलं होतं. शेपटीची मागची कड त्याने जराशी वर वाकवली होती. त्यामुळे उडताना शेपटी खाली दाबायची आणि नाक वर राहायचं.

पंखाला ते खुपायचं. एकदा तो म्हणाला, "मी सगळ्यांना उचलतो आणि तू मागून दाबतेस. लाज नाही वाटत?"

"मी दाबते म्हणून नाक वर आहे," शेपटी म्हणाली.

"नाकाचं नाक बघून घेईल."

ते शेपटीच्या मनाला लागलं. दुपारभर विमान उन्हात पडून होतं, तेव्हा तिने आपली वाकलेली कड हळूहळू सरळ केली.

संध्याकाळी विश्रामने विमान सोडलं. शेपटी वर उचलली गेली.

"बघ, किती हलकं वाटतंय," पंख म्हणाला. तोवर नाक खाली वळलं होतं. विमान थेट खडकावर आदळलं आणि पंखाचे तुकडे झाले.

"शेपटी तेवढी वाचली," असं म्हणत विश्रामने ती नव्या विमानाला लावली आणि कड पुन्हा वाकवली.

पहिल्याच उड्डाणात नव्या पंखाने विचारलं, "तू खाली का दाबतेस गं?"

शेपटीला खाली तो खडक दिसत होता. ती दाबत राहिली.