पंपावर झोपणारी गोगलगाय

एका काचेच्या समुद्रात एक मऊ पोवळे राहत असे. काचेचा समुद्र म्हटल्यावर हसू नका, मुलांनो. मोरेश्वर तांबट यांच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, चार फूट लांबीची एक टाकी होती. तिच्यात खारे पाणी होते, वाळू होती, दगड होते, आणि पाणी हलते राहावे म्हणून काचेला चिकटवलेला एक पंप होता. एवढे सगळे असल्यावर आत राहणाऱ्यांनी तिला समुद्र म्हटले, तर त्यांचे काय चुकले?

पोवळे म्हटले की तुम्हाला अंगठीतला लाल खडा आठवेल. हे तसले नव्हे. हे बदामी रंगाचे, अंगाने मऊ, कुत्र्याच्या छत्रीसारखे दिसणारे, आणि त्या छत्रीवर शेकडो इवलीइवली बोटे. दिसते झाडासारखे, पण असतो तो प्राणीच. फक्त जागचा हलत नाही. त्यामुळे त्याला सगळे घरपोच लागते. पाणी येताना जेवण घेऊन येणार, जाताना अंगावरचा मळ घेऊन जाणार. पाणी थांबले तर पोवळे उपाशी, आणि पाणी थेट अंगावर आदळू लागले तर कातडी सोलून निघणार.

हे पोवळे स्वभावाने फार गुणी होते. रोज सकाळी टाकीतला दिवा लागला की बोटे उघडून ते आधी पंपाला म्हणे, "पंपदादा, तुझ्या कृपेने कालचा दिवस गोड गेला."

पंप म्हणे, "घुर्रर्र." त्याला दुसरे काही येतच नव्हते.

त्याच टाकीत एक नारिंगी मासा होता आणि एक गोगलगाय होती. मासा दिवसभर पंपासमोर पोहून आपली ताकद दाखवी. गोगलगाय काचेवरचे शेवाळ खाई, आणि पोट भरले की पंपाच्या तोंडावर चढून झोपे. तिच्या वजनाने पंपाचे तोंड काचेकडे वळे. मग पाणी आधी काचेवर आपटे, तिथेच त्याचा निम्मा जोर जाई, आणि वळसे घेत, कधी डावीकडून तर कधी उजवीकडून, ते पोवळ्याच्या बोटांमधून हलकेच फिरे. पहिल्या दिवशी गोगलगाय तिथे झोपली ती केवळ जागा उबदार होती म्हणून. जाग आल्यावर तिला खाली पोवळे फुललेले दिसले. दुसऱ्या दिवशी ती दुसरीकडे झोपली, तर पोवळे मिटलेले. तेव्हापासून तिने ती पंपावरची जागा कायमची धरली. याबद्दल ती कुणाला काही बोलली नाही, आणि तिला कुणी काही विचारलेही नाही.

मासा मात्र म्हणे, "आळशी कुठली! साऱ्या समुद्रात हिला झोपायला हीच जागा सापडली."

टाकी खरे तर मोरूकाकांच्या मुलीची, मृण्मयीची. तिची नागपूरला बदली झाली आणि टाकी सांभाळायचे काम काकांवर आले. मोरूकाका नगरपालिकेत एकतीस वर्षे व्हॉल्व्हमन होते. म्हणजे हातात लांबलचक लोखंडी चावी घेऊन आळीआळीने हिंडायचे आणि लोकांच्या नळांना पाणी सोडायचे, हे त्यांचे काम. त्या एकतीस वर्षांत त्यांनी एकच तक्रार ऐकली होती : "मोरूभाऊ, आमच्या नळाला करंगळीएवढी धार येते हो!" त्यामुळे पाणी जोरात सोडणे म्हणजेच माया करणे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. निवृत्त झाल्यावर तर पाणी सोडायला हाताशी काहीच उरले नव्हते. आता ही टाकी आली, म्हणून स्वारी खुशीत होती.

पहिल्याच सकाळी त्यांना पंपावर बसलेली गोगलगाय दिसली.

"अगं ए, हे बघ काय! ही बया पंपावर बसलीय, पंपाचं तोंड पार वाकडं झालंय. त्या पोवळ्यापर्यंत पाणी पोचत तरी असेल का?"

कुमुदकाकू स्वयंपाकघरातून डोकावल्या. "पण छान फुललंय की ते!"

"करंगळीएवढ्या धारेवर इतकं फुललंय. फुल प्रेशर मिळू दे, मग बघ."

काकांनी गोगलगायीला उचलून खालच्या कपाटात ठेवले. तिथे पाणी गाळायची दुसरी टाकी होती. मग त्यांनी पंपाचे तोंड सरळ पोवळ्यावर रोखले आणि बटण शेवटपर्यंत फिरवले.

पाण्याचा लोट पोवळ्यावर आदळला. त्याची बोटे आपोआप मिटली. तरी ते कसेबसे म्हणाले, "पंपदादा, आज तुझी कृपा जरा जास्तच झाली."

"याला म्हणतात देणं!" मासा आनंदाने ओरडला आणि लोटात घुसला.

दुसऱ्या दिवशी पोवळे अर्धे झाले. काका चष्मा लावून काचेला नाक टेकवून बघत बसले. "तहानलंय बिचारं," ते हळहळले. बटण तर आधीच शेवटाला होते, म्हणून त्यांनी पंपच आणखी जवळ आणून चिकटवला. आजारापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच. पण काकांच्या मनात पोवळ्याविषयी मायेशिवाय काही नव्हते, हेही तुम्ही लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी मासा पोवळ्यावर चिडला. "इतकं पाणी मिळतंय, आणि तू तोंड मिटून बसलंयस? कृतघ्न कुठलं!"

हा शब्द पोवळ्याला फार लागला. आपले अंग दुखते आहे, जळते आहे, हे त्याला कळत होते. पण ज्याच्यावर आपण जगतो त्याच्याबद्दल तक्रार कशी करायची? आपल्यातच काही खोट असेल, असे त्याला वाटू लागले. सकाळी दिवा लागला तेव्हा बोटे उघडत नव्हती, तरी ते मिटल्या मिटल्या पुटपुटले, "पंपदादा, तुझे उपकार आहेत. मीच नालायक आहे." ही गोष्ट सांगताना मला त्या पोवळ्याची फार दया येते.

चौथ्या दिवशी पोवळ्याच्या कडेची कातडी सुटली आणि चिंधीसारखी पाण्यात फिरू लागली. आणखी दोन-तीन दिवस असेच गेले असते, तर त्या दगडावर नुसता एक डाग उरला असता.

कुमुदकाकूंना ती चिंधी दिसली, पण धड दिसली नाही, कारण काच हिरवीगार झाली होती. "अहो, आत काहीतरी गळतंय बघा. आणि ही काच! ती गोगलगाय होती तेव्हा चाटूनपुसून लख्ख ठेवायची. तिला आधी वर आणा पाहू." काकांनी कुरकुरत गोगलगायीला खालून आणून काचेवर सोडले.

गोगलगायीने पोवळ्याकडे पाहिले आणि ती शेवाळाला तोंडही न लावता पंपाच्या दिशेने निघाली.

"गोगलगाय आणि पोटात पाय!" मासा ओरडला. "आलीस परत पंप वाकडा करायला? दुसऱ्याच्या तोंडचं पाणी काढून घेतेस?"

गोगलगाय म्हणाली, "पाय पोटात आहेत म्हणूनच चढता येतं, बाबा. सरक जरा."

पंप आता नव्या जागी होता आणि तिथे पोचायचे तर लोटासमोरून जावे लागत होते. सकाळच्या चहाच्या वेळी ती निघाली. एकदा लोटाने तिला काचेवरून उखडून वाळूत पाडले. ती उलटी पडली, सुलटी झाली, पुन्हा निघाली. जेवणाच्या वेळेला पुन्हा पडली. काका जेवून वामकुक्षी करून उठले, तेव्हा कुठे ती पंपाच्या तोंडावर चढून बसली. तोंड हळूहळू काचेकडे वळले. पाणी काचेवर आपटले, त्याचा जोर ओसरला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा ते पोवळ्याच्या अंगावरून हात फिरवल्यासारखे गेले.

पोवळ्याने एक बोट उघडले.

"परत बसली का ही!" म्हणत काकांनी टाकीत हात घातला. काकूंनी त्यांचे मनगट धरले. "थांबा हो. आधी बघा तरी."

काका बघत राहिले. पोवळ्याने दुसरे बोट उघडले. मग पाच-सहा. काका खुर्ची ओढून बसले.

"कुमुद," ते म्हणाले, "कुंभारआळी आठवते तुला? तिथले नळ किती जुने होते! वरच्या आळीला मी चावीचे सहा आटे फिरवायचो, कुंभारआळीला दोनच. तिसरा आटा फिरवला की नळ फुटलाच. हे मला पाठ होतं गं. आणि इथं मी या मऊ जिवावर सहाच्या सहा आटे सोडून बसलो!"

त्यांनी बटण निम्म्यावर आणले, पंप मूळ जागी नेऊन त्याचे तोंड काचेकडे वळवून पक्के केले. हे सारे करताना पंपावरच्या गोगलगायीला धक्का लागू नये म्हणून ते लहान मुलाला उचलावे तसा पंप हाताळत होते. आठवड्याभरात पोवळे पुन्हा उमलले. मासाही आतून सुखावला, कारण इतके दिवस जेवणाचे कण त्याच्या तोंडासमोरून सुसाट पळत होते. तसे त्याने कबूल मात्र केले नाही.

पोवळे गोगलगायीला म्हणाले, "मावशी, इतके दिवस मी पंपाचेच आभार मानत होते. तुझं नावसुद्धा घेतलं नाही. तू सांगितलं का नाहीस?"

"त्यात काय सांगायचं? मला झोपायला जागा लागतेच," गोगलगाय म्हणाली. "पण एक ऐक. दुखलं की दुखलं म्हणायचं. त्यानं कुणी कृतघ्न होत नाही."

त्या संध्याकाळी काकांनी मृण्मयीला फोन लावला आणि आपली चूक सांगून टाकली. "आणि अगं, तुझ्या टाकीत माझ्या खात्याचा एक माणूस निघाला. व्हॉल्व्हमन!" ते हसले. "एकतीस वर्षांत पाऊस बरा झाला तर लोकांनी देवाला नारळ फोडले, धरण भरलं तर मोठ्या लोकांचे सत्कार केले. चावी फिरवणाऱ्याकडे कोण बघतो? फक्त कुंभारआळीतली एक म्हातारी रोज उन्हात मला ताकाचा पेला द्यायची. म्हणायची, 'मोरू, तुझ्या हाताला मोजमाप आहे म्हणून आमचे नळ टिकले.' त्या ताकाची चव अजून जिभेवर आहे बघ."

फोन ठेवून ते स्वयंपाकघरात गेले. पालकाचे एक कोवळे पान निवडून त्यांनी स्वच्छ धुतले, टाकीत पंपाशेजारी चिमट्याने लावले, आणि म्हणाले, "घ्या, मावशी. ताक तुम्हाला चालायचं नाही."

दुसऱ्या सकाळी दिवा लागला. पोवळ्याने सगळी बोटे उघडली, आधी गोगलगायीला नमस्कार केला, आणि मग नेहमीच्या सवयीने म्हणाले, "पंपदादा, तुझेही उपकार आहेत."

पंप म्हणाला, "घुर्रर्र." पण आज जरा हळू म्हणाला.

तात्पर्य : देणाऱ्याचे उपकार तर मानावेतच, पण ते देणे आपल्याला सोसेल इतके करून देणारा कुणी असतो, त्यालाही शोधून हात जोडावेत.