उंबरावरची ‘वा!’

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा पाखरं बोलायची आणि माणसांना ती ऐकायला सवडही असायची.

एका रानात उंबराचं मोठं झाड होतं. त्यावर साळुंकीचं एक पोर राहायचं. जो आवाज ऐकेल तो हुबेहूब काढायचं. कधी मोराचा, कधी बैलांच्या घुंगरांचा. धनगराच्या कुत्र्याचा तर असा काढायचं की शेळ्यासुद्धा फसाव्यात.

पण झाडावर त्याला एकच उत्तर मिळे, “गप!” आई धाकट्यांना भरवता भरवता म्हणे, “गप!” कावळे म्हणत, “गप रे!” आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडायचे पिंगळेआजोबा. हे घुबडाच्या जातीचं म्हातारं पाखरू रात्रभर जागायचं आणि दिवसा झोपायला बघायचं. “गप बस, कार्ट्या!”

पलीकडच्या करवंदीच्या जाळीत कोल्ह्यांची टोळी असायची. एकदा तिथून जाताना पोराने सहज मोराचा आवाज काढला. जाळीतून आवाज आला, “वा!”

पोर थबकलं. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याला कुणी ‘वा’ म्हटलं नव्हतं.

“पुन्हा काढ की, वाघा!” कोल्ह्यांचा म्होरक्या म्हणाला. मूठभर पाखराला वाघ म्हटल्यावर काय विचारता! ते रोज जाळीकडे जाऊ लागलं.

इकडे उंबर शांत झाला. आणि गंमत बघा, पिंगळेआजोबांची झोपच उडाली. “कार्टं गेलं कुठं?” म्हणत ते भर दुपारी, डोळे मिचकावत, त्याला शोधायला निघाले.

जाळीजवळ त्यांच्या कानावर म्होरक्याचे शब्द पडले. “उद्या संध्याकाळी तितरीच्या आवाजात साद घाल. तिची पिल्लं गवतातून बाहेर येतील. पुढचं आम्ही बघतो, वाघा!”

आजोबा तडक उंबरावर परतले. पण पोर परतल्यावर ते ओरडले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, “पुढचं काय बघणार रे ते, बाळा?”

पोराने मान खाली घातली. त्याला सगळं कळत होतं.

“नाही म्हटलं तर मलाच खातील,” ते म्हणालं. “आणि आजोबा, ते मला ‘वा’ म्हणतात. इथं कोण म्हणतं?”

आजोबांना फार वाईट वाटलं. “चुकलंच आमचं,” ते म्हणाले. “बरं, माझा आवाज काढ बघू.”

पोराने छाती फुगवली. “गप बस, कार्ट्या!”

कावळ्यांनी दचकून चोची मिटल्या. मग सगळं झाड खदाखदा हसलं, आणि सगळ्यांत जास्त हसले आजोबा.

“वा रे पठ्ठ्या!” ते म्हणाले. “उद्या जा. आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत. साद मात्र तुझ्या मनाची घाल.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोल्हे गवतात दबा धरून बसले. पोर जवळच्याच एका झाडाच्या उंच फांदीवर होतं. त्याने मागे पाहिलं. आई होती, कावळे होते, आजोबा होते, अख्खा उंबर आला होता. पोराने खोल श्वास घेतला आणि ते भुंकलं, थेट धनगराच्या कुत्र्यासारखं!

कोल्ह्यांची पाचावर धारण बसली. तेवढ्यात खऱ्या कुत्र्यानेही लांबून ओ दिली आणि तो धावतच आला. मग काय, शेपट्या पायांत घालून टोळी पळाली ती रान सोडूनच.

“दगा दिलास रे, वाघा!” म्होरक्या पळता पळता ओरडला.

“मी वाघ नाही, साळुंकी आहे!” पोर वरून म्हणालं.

तेव्हापासून त्या उंबरावर रीतच पडली. पोराचा सूर कसाही लागो, आधी ‘वा’ म्हणायचं, चूक मग सांगायची. तिथला कलकलाट आता कोसभर ऐकू जातो आणि त्यात पिंगळेआजोबा ढाराढूर झोपतात.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्या पोराला घरात ‘वा’ मिळते, ते ती मागायला टोळीच्या दारात जात नाही.